व्हॅलेंटाइन, व्हाया पाटोदा

फेब्रुवारी उजाडला की आपल्या ऑफिसांना एक गुलाबी ताप चढतो. रिसेप्शनवर लाल फुगे, कॅन्टीनमध्ये बदामाच्या आकाराची पेस्ट्री आणि एचआरकडून एक मेल, ज्यात 'फन' हा शब्द किमान चार वेळा असतोच. ज्यांचं जुळलंय ते हॉटेलचं बुकिंग शोधत असतात. ज्यांचं जुळायचंय ते एकमेकांचे स्टेटस बघत असतात. आणि ज्यांचं जुळून दहा वर्षं झालीत, ते 'हे सगळं कार्डवाल्यांचं मार्केटिंग आहे' असं ऐकवत घरी जाताना सिग्नलवर गुपचूप एक गुलाब घेतात. चालायचंच!

2025 साली 14 फेब्रुवारी शुक्रवारी आला. त्याच्या तीन आठवडे आधी आमच्या टीमच्या लक्षात आलं, की 'समाजासाठी एक दिवस' या नावाखाली दर वर्षी मिळणारं बजेट तसंच पडून आहे आणि मार्चअखेर ते परत जाणार. चहाच्या मशीनपाशी तातडीची मीटिंग भरली. एकजण म्हणाला, "झाडं लावू या." "फेब्रुवारीत? पाणी कोण घालणार, तू?" असं म्हणून त्याला गप्प करण्यात आलं. मग टेस्टिंगवाल्या मैत्रिणीने पिल्लू सोडलं, "यंदाचा व्हॅलेंटाइन लहान मुलांबरोबर करू या ना! पार्टी, गेम्स, गिफ्ट्स. प्रेम काय फक्त कपल्सचंच असतं?" वाक्य जोरदार होतं. सगळ्यांच्या माना डोलल्या. प्रश्न एवढाच उरला की मुलं कुठली? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कारण मी बीडची. म्हणजे बीड जिल्ह्यातली. पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आमचं गाव. पूर्वी पुण्यात 'बीड' म्हटलं की लोक 'अच्छा, दुष्काळ' म्हणायचे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर 'बीड' म्हटलं की लोक आवाज खाली आणून विचारायला लागले, "तिकडे सेफ आहे ना?" मी सांगितलं, "तिथे माझी आजी एकटी राहते." विषय संपला. पार्टी आमच्या गावात ठरली.

आता इथे थोडं थांबून फेब्रुवारी महिन्याबद्दल सांगायला हवं. तुमच्या-माझ्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारी म्हणजे अप्रेझलच्या आधीचा आणि व्हॅलेंटाइनचा महिना. आमच्या गावात फेब्रुवारी म्हणजे रिकाम्या घरांचा महिना. दिवाळी झाली की गावात ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. त्यात भांडी, गोधड्या, बाजरीची पोती, कोंबड्या, शेळ्या आणि माणसं चढतात, आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी साताऱ्याला, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्यातून अशी काही लाख माणसं दर वर्षी बाहेर पडतात. परततात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलात. मधल्या काळात गावात उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि शाळेत जाणारी मुलं. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी आहे ती मुलं नशीबवान. बाकीची ट्रकमध्ये बसून जातात आणि त्यांची शाळा कोपीच्या दारात संपते.

राहिलेल्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आमच्या गावच्या वसतिगृहात त्या वर्षी 41 मुलं होती, पहिली ते सातवीची. सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत, अभ्यास शाळेत, झोपायला आजीकडे. पार्टीचे पाहुणे ठरले ते हे 41.

आणि अजून एक शब्द सांगायला हवा. आमच्याकडे जोडप्याला 'कोयता' म्हणतात. गंमत नाही करत. मुकादम विचारतो, "किती कोयते?" बारा कोयते म्हणजे बारा नवरा-बायको, चोवीस माणसं. नवरा ऊस तोडतो, बायको त्याच्या मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हंगामाआधी मिळणारी उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला उचलही अर्धीच. दोघांतला एकजण आजारी पडला तरी खाडा धरला जातो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, त्याचं गावाला कौतुक झालं; पण हिशेब अजूनही जोडीचाच. माझे आई-बाबा अकरा हंगाम एक कोयता होते. आपण ज्या दिवशी 'टुगेदरनेस' साजरा करतो, त्या दिवशी ते पहाटे चारला एकत्र फडात असायचे. रोज असायचे. कँडल नसायची, बॅटरी असायची.

असो. तर पार्टी.

प्लॅनिंगची पहिली पायरी म्हणजे फोन. मी शाळेतल्या सरांना फोन लावला. मीही त्यांच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे मी अजून त्यांच्यासाठी 'बाळ'च आहे. टीमची सगळी यादी वाचून दाखवली. लाल फुगे, बदामाची कार्डं, 'बी माय व्हॅलेंटाइन'ची भिंत, सेल्फी पॉइंट, संगीत खुर्ची, केक. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खेळ आण, खाऊ आण, पोरांना पाहुणे आले की लई बरं वाटतं. फक्त ते बदाम आणि ते नाव तेवढं नको, बाळा."

मला वाटलं, संस्कृतीचं भाषण येणार. आपल्या पिढीने ते पुष्कळ ऐकलंय. 2000 च्या आसपास व्हॅलेंटाइनच्या दिवशी महाराष्ट्रात कार्डांच्या दुकानांच्या काचा फुटायच्या, भेटकार्डांची होळी व्हायची, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचे. पण सरांचं म्हणणं वेगळंच निघालं. "तुमच्या ऑफिसात कार्ड म्हणजे गंमत. इथं सातवीतल्या पोरीच्या दप्तरात बदामाचं कार्ड सापडलं, तर तिची आजी त्याच रात्री मुकादमाच्या फोनवरून कारखान्यावर कळवती, पोरगी हाताबाहेर चालली म्हणून. आणि मग उन्हाळ्यात लगीन. कार्ड कुणी दिलं, कशाला दिलं, कोण विचारतंय?"

यात अतिशयोक्ती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के मुलींनी सांगितलं होतं, की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं. यामागे नुसती जुनी विचारसरणी नाही, हिशेब आहे. आई-बाप सहा महिने बाहेर. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची तर काळजी, बरोबर न्यायची तर उघड्यावरच्या कोपीत जास्त काळजी. शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला उचल मिळते. अशा घाईच्या लग्नाला आमच्याकडे 'गेटकेन' लग्न म्हणतात. गेटकेन म्हणजे कारखान्याच्या गेटवर परस्पर येणारा ऊस. शब्द कुणी जोडला माहीत नाही, पण नेमका जोडलाय!

मी हे सगळं टीमला सांगितलं. दोन मिनिटं शांतता पसरली, जी आमच्या टीममध्ये फक्त सर्व्हर पडल्यावर पसरते. मग टेस्टिंगवाली म्हणाली, "मग थीमच बदलू." टेस्टिंगवाल्या माणसांचं मला हेच आवडतं. त्यांना दोष दाखवला की राग येत नाही.

नवी थीम आम्हाला सापडली ती अमेरिकेतून! न्यू जर्सीत एडिसनला माझी एक मैत्रीण राहते. तिची मुलगी दुसरीत आहे. तिथे शाळेत व्हॅलेंटाइन म्हणजे जोड्यांचा मामलाच नाही, ती मुलांची पार्टी असते. चपलांच्या खोक्याची पेटी सजवायची, त्याला फट ठेवायची, आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या पेटीत कार्ड टाकायचं. टीचर आठवडाभर आधी वर्गातल्या मुलांच्या नावांची यादी घरी पाठवतात. नियम असा, की आणायचं तर सगळ्यांसाठी आणायचं. आवडत्यासाठी एक आणि नावडत्यासाठी शून्य, हे चालत नाही. सगळ्यांना सारखी कार्डं. मैत्रीण म्हणाली, "अगं, पंचवीस वेळा नाव लिहून पोरीचा हात दुखतो, पण एकही मूल रिकाम्या पेटीने घरी जात नाही."

झालं! आम्हाला हवं ते मिळालं. बदाम वगळला, नियम ठेवला. 'पत्रांची पार्टी' असं नाव ठरलं. सरांना कळवलं. सर म्हणाले, "हे झकास." त्यांनी मुलांची यादी पाठवली. मी त्यांना अजून एक काम लावलं: प्रत्येक नावापुढे त्या मुलाबद्दल एकच ओळ. मार्क सोडून काहीही. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 41 ओळी आल्या. 'लंगडीत पटाईत.' 'तेराचा पाढा उलटा म्हणतो.' 'कुत्र्याच्या पिलाला स्वतःच्या ताटातली भाकरी देती.' 'बोलत नाही, पण घंटा बरोबर वेळेला देतो.'

पुढच्या दोन संध्याकाळी आमची कॉन्फरन्स रूम बघण्यासारखी होती. पाच इंजिनिअर, कार्डपेपर, कात्र्या, स्केच पेन आणि देवनागरी! दहावीनंतर मराठीत दोन ओळी न लिहिलेली माणसं 'ज्ञ' कसा काढायचा यावर वाद घालत होती. आमचा तमिळ सहकारी तर नावं चित्रासारखी गिरवत होता आणि सगळ्यात सुबक अक्षर त्याचंच आलं. प्रत्येक कार्डावर मुलाचं नाव, सरांच्या ओळीवरून सुचलेलं एखादं वाक्य आणि चित्र. पतंग, चिमणी, ट्रॅक्टर, सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी मधेच ऐकवून घेतलं. संधी सोडायची नसते.

खेळांची यादी करताना मात्र जरा वाद झाले. संगीत खुर्ची कुणाला नको असते? पण विचार करा, त्या खेळात पहिल्यांदा बाहेर कोण पडतं? पहिलीतलं सगळ्यात बारकं पोर. मग ते अर्धा तास कडेला उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघतं. ज्या मुलांचे आई-बाप सहा महिने त्यांना मागे ठेवून जातात, त्यांना पार्टीत बोलावून परत कडेला उभं करायचं? मग आम्ही खेळ उलटा केला. गाणं थांबलं की मुलं बाहेर काढायची नाहीत, बसायची पोती काढायची. दर वेळी एक पोतं कमी. मुलं तेवढीच. उरलेल्या पोत्यांवर सगळ्यांनी मावायचं. कसं, ते त्यांनी बघायचं.

शुक्रवारी पहाटे पाच जण एका गाडीतून निघालो. अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेड करत दुपारी गावात पोचलो. शाळेच्या व्हरांड्यात 41 मुलं आंघोळी करून, केसांना तेल चोपडून, रांगेत बसली होती. आमचे लोक 'हाय किड्स' म्हणाले. 41 जणांनी उभं राहून एका सुरात 'नमस्ते' म्हटलं आणि परत बसली. मग दोन मिनिटं कुणालाच काही सुचेना. शेवटी तमिळ सहकाऱ्याने आपली एकमेव मराठी सूचना दिली, "चला, खेळू या!" आणि बांध फुटला.

'शिवाजी म्हणतो' झालं. त्यात आमचा टीम लीड पहिल्याच फेरीत बाद! तीन पायांची शर्यत झाली, एक मोठं आणि एक बारकं अशा जोड्या लावून, म्हणजे मोठ्याला बारक्याच्या चालीने पळावं लागतं. लिंबू-चमचा झाला. सागरगोट्यांचा डाव मांडला तेव्हा मुलगे म्हणाले, 'हा पोरींचा खेळ.' सातवीतल्या एका मुलीने त्यांना एकेक करून बसवून हरवलं आणि शेवटी आमच्या टेस्टिंगवालीलाही. जिंकल्यावर तिने ओढणी सारखी केली आणि सागरगोटे मोजून पिशवीत भरले. बस्स, एवढाच जल्लोष. ही मुलगी लक्षात ठेवा.

पोत्यांचा खेळ तर असा रंगला, की स्वयंपाकाच्या मावशी भाजी टाकून बघायला आल्या. शेवटी दोन पोती उरली आणि 41 मुलं. मोठ्यांनी बारक्यांना खांद्यावर घेतलं, पाठीला पाठ लावली, हाताला हात धरले. एका पायावर उभं राहून सगळी मावली. पाच सेकंद! मग सगळा ढीग कोसळला आणि हसून हसून मुलांची पोटं दुखली.

मधल्या सुट्टीत मुलं त्यांचा त्यांचा खेळ खेळायला लागली. त्याचं नाव 'कारखाना'. एकजण मुकादम होतो, तो लिंबाचा पाला नोटा म्हणून वाटतो, ती उचल. एकजण ट्रॅक्टर. बाकीचे कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन पळतात. जो उशिरा येईल त्याचा खाडा, मग त्याने एक पान परत द्यायचं. आमचे लोक बघत राहिले. टीम लीडने मला हळूच विचारलं, "हे यांना कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. आपली पोरं 'ऑफिस-ऑफिस' खेळतात की नाही? तसंच." मीही याच व्हरांड्यात खेळले होते. मी नेहमी मुकादम व्हायचे.

मग मुलांनीच तो खेळ मागितला, ज्याची मला थोडी धास्ती होती. 'आईचं पत्र हरवलं.' तुम्हाला आठवत असेल. गोल करून बसायचं, एकाने रुमाल घेऊन मागून पळायचं आणि कुणाच्या तरी पाठीमागे हळूच टाकायचा. काही गावांत मामाचं पत्र असतं, आमच्याकडे आईचं. जिथे 41 जणांच्या आया खरोखरच दूर आहेत, तिथे हा खेळ घ्यावा का? मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "अगं, ती रोज खेळत्यात. आपल्यालाच जड जातंय."

खेळ सुरू झाला. पहिलीतल्या एका पोराच्या मागे रुमाल पडला. त्याने तो उचलला आणि पळायचं सोडून घडी उलगडून बघितली, आत काही लिहिलंय का ते. सगळे ओरडायला लागले. ती सागरगोटेवाली मुलगी त्याला म्हणाली, "अरे येड्या, खेळातलं पत्र हाय ते! पळ!" तो पळाला. आणि अगदी जोरात पळाला.

त्यानंतर आम्ही आमची पेटी उघडली. एकेकाचं नाव पुकारून कार्डं दिली. आपल्या नावाचं पत्र हातात पडणं म्हणजे काय असतं, हे मेलबॉक्समध्ये तीनशे न वाचलेले मेल ठेवणाऱ्या आपल्याला नाही कळायचं. मुलांनी ती वाचली, शेजारच्याची वाचली, परत आपली वाचली. 'बोलत नाही, पण घंटा बरोबर देतो'वाल्या मुलाच्या कार्डावर आम्ही लिहिलं होतं, 'तुझ्यामुळे शाळा वेळेवर सुटते. थँक्यू!' त्याने ते कार्ड शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवलं आणि पावभाजी खाताना एक हात छातीवरच ठेवला.

आता खरा कार्यक्रम. मुलांनी पत्रं लिहायची, आई-बाबांना. टोळीचा एक मुकादम आमच्याच गल्लीतला. त्याचा भाऊ रविवारी पिकअपमधून पीठ आणि औषधं घेऊन कारखान्याकडे निघणार होता. तो म्हणाला, "द्या की. पोचवतो." ऊसतोडीच्या माणसांना पोस्टाचा पत्ता नसतो. आज या फडाजवळ कोपी, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. मी चौथीत असताना, 2005 च्या सुमाराला, किराणा दुकानातल्या एक रुपयाच्या फोनपाशी रविवारी रांग लागायची. मुकादमाच्या मोबाइलवर आई लागली तर लागली. बोलायला मिनिट-दीड मिनिट. त्यात आजी म्हणायची 'तब्येत सांग' आणि मी नुसती 'हं' म्हणायचे. आता व्हिडिओ कॉल आहे, पण रेंज आणि वेळ जुळायला हवी. पहाटे चारला फडात गेलेली माणसं रात्री भाकरी खातानाच झोपेला येतात. पत्राचं तसं नसतं. ते कोपीत पडून राहतं, सवड मिळेल तेव्हा हातात घेता येतं.

आमच्या लोकांनी कागद वाटले आणि 'डिअर आई-बाबा' कसं सुरू करायचं ते समजवायला घेतलं. चौथीतला एकजण म्हणाला, "पण माझ्या बाबाला वाचता येत न्हाई." सगळे गप्प. तोच पुढे म्हणाला, "म्हून मी बैल काढणारय. आमचा. शिंगं वळखता येतेत." मग काय, निम्म्या मुलांनी चित्रंच काढली. नव्याने व्यायलेली शेळी. गळकं पत्र्याचं छप्पर, त्यावर लाल फुली, म्हणजे आल्यावर दुरुस्त करा. आजीचा पाय, पट्टी बांधलेला. एकाने स्वतःच्या पायाचा ठसा कागदावर गिरवला. आईला चपलेचं माप कळावं म्हणून!

सातवीतल्या मुलीने मात्र चित्र काढलं नाही. तिने मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. सारांश असा, की सातवीनंतर गावात शाळा नाही, आठवीला पाटोद्याला जाऊ का. आणि खाली तिने दोन चौकोन काढले. एकात 'हो' लिहिलं, दुसऱ्यात 'नाही'. मला दाखवून म्हणाली, "बाबाला लिहिता येत न्हाई, पण खूण करता येती. मुकादम वाचून दाखवील." आपण वर्षानुवर्षं फॉर्म डिझाइन करतो, पण इतका सोपा आणि इतका मोठा फॉर्म मी बघितला नव्हता. तिच्या मामाने दिवाळीतच एक स्थळ सुचवलं होतं, हे मला नंतर सरांकडून कळलं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. रविवारी पत्रं निघाली. पुढचे आठ-दहा दिवस सर रोज काही ना काही पाठवत होते. कोपीच्या दारात कागद धरून बसलेल्या बायकांचे फोटो. एका बापाचा आवाज, "शिंगं बरोबर काढलीस रे!" चपला आल्या, त्याच पिकअपमधून. आणि एके दिवशी तो तीन ओळींचा कागद परत आला. 'हो'च्या चौकोनात बॉलपेनची जाड, वेडीवाकडी फुली होती. 'नाही'चा चौकोन कोरा. आणि खाली मुकादमाच्या अक्षरात एक ओळ: एक वर्ष बघू.

टीममध्ये कुणीतरी म्हणालं, "फक्त एक वर्ष?" मी म्हटलं, आमच्याकडे एक वर्ष म्हणजे पुष्कळ. असं एकेक वर्ष जोडतच मी हिंजवडीला पोचलेय.

हे सगळं वाचून तुम्हालाही 14 फेब्रुवारीला असं काही करावंसं वाटलं, तर जरूर करा. बीडमध्ये आर्वीला 2000 पासून दीपक आणि कावेरी नागरगोजे 'शांतिवन' चालवतात, गेवराईजवळ संतोष आणि प्रीती गर्जे यांचं बालग्राम आहे. 2021 मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची. म्हणजे मुलं कुठे भेटतील हा प्रश्न नाही. फक्त जाण्याआधी तिथल्या माणसांना फोन करा आणि यादी त्यांना वाचून दाखवा. आणायचं ते सगळ्यांना सारखं आणा, खोडरबरसुद्धा. कुणी बाद होईल असा खेळ घेऊ नका. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका, त्यांच्या घरच्यांना तुम्ही विचारलेलं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे पैसे फेब्रुवारीत उडवू नका. थोडे जूनसाठी ठेवा.

आमचे 4,200 रुपये उरले होते. केक आणि सेल्फी पॉइंट रद्द झाल्याचे. मार्चअखेर ते परत जाऊ नयेत म्हणून आम्ही सरांना विचारून आठवीचं सामान आधीच घेऊन ठेवलं. दप्तर, बारा वह्या, कंपासपेटी, बूट. एसटीचा पास मुलींना मोफत असतो, त्यामुळे तो खर्च नव्हता. शाळा सुरू झाल्यावर सरांचा एक मेसेज आला, नेहमीसारखा एका ओळीचा: "पाटोद्याला नाव घातलं. सागरगोटे दप्तरातच असत्यात."